परतीचा दिवा



आपल्या घरांत 'बॅटरी' म्हटले की टॉर्च. "बाहेर अंधार आहे, बॅटरी घेऊन जा," असे आई म्हणायची तेव्हा तिच्या मनात फक्त उजेड असायचा. त्या उजेडाच्या पोटात काय भरले आहे, याचा विचार कोणी करत नसे. आम्हीही केला नाही. आमच्यापैकी एकाचा तर सारा जन्म विजेच्या तारांत गेला, तरीही केला नाही. त्यापायी आमच्याच घरातली दोन माणसे एका रात्री पाण्यावरच राहिली असती. ती हकिकत आणि तिच्यातून आम्ही जे शिकलो ते, चार घरांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही नवरा-बायको बारामतीत राहतो. एक जण एमआयडीसीतल्या कारखान्यात वायरमन, एक घरी शिलाईकाम करते. जे एकीचे माहेर तीच दुसऱ्याची सासुरवाडी. ती इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. भिगवणपर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन, असा आमचा ठरलेला रस्ता.

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पाणी चढले तशी काठची जुनी गावठाणे, मळे, विहिरी, झाडे पाण्याखाली गेली. आमचे आबा तेव्हा तरुण होते. नदीकाठच्या मळ्यांत मजुरी करायचे. मळेच गेले तेव्हा मजुरीही गेली. मग ज्या पाण्याने काम नेले त्याच पाण्यावर पोट भरायला ते शिकले. जाळे विणायला शिकले, होडी हाकायला शिकले. आज आबांचे हात थरथरतात, पण दादा आणि त्याचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, अजून तोच धंदा करतात. चिलापी, कटला, रोहू, मरळ, जे लागेल ते. दिवस मावळताना जाळे टाकायचे, पहाटे काढायचे, आणि उजाडता उजाडता मासळी भिगवणच्या बाजारात पोहोचवायची. म्हणजे या धंद्यातले निम्मे काम अंधारातले!

आबांच्या काळी होडीत कंदील असे. आबांचा एक नियम होता. "निम्मं तेल सरलं की होडी फिरवायची. निम्मं जायला, निम्मं यायला." कंदिलाची काच पुसताना तेल किती आहे हे डोळ्यांना दिसायचे, आणि तेल संपत आले की वात फडफडून स्वतःच सांगायची. पुढे गॅसबत्ती आली, मग तीन सेलचा टॉर्च आला. सेल महाग पडायचे, म्हणून दादाने मोटारसायकलची जुनी बॅटरी होडीत ठेवली. ती एकदा कलंडली आणि तिच्यातल्या तेजाबाने दादाच्या पँटीची चाळण केली. त्यानंतर कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट, ७ एएचची बंद बॅटरी आणली. दोन किलोंहून जड, पण सांडत नाही. तीही एका हंगामात मेली. शिशाच्या बॅटरीचा हा स्वभावच आहे. ती निम्म्याहून खाली वापरली आणि तशीच रिकामी पडू दिली, की आतल्या पट्ट्यांवर कडक पांढरा थर धरतो आणि पुढे ती वीज साठवीनाशी होते. आमच्या दादाला हे कोण सांगणार? दिवा विझेपर्यंत तो वापरायचा, आणि चार्ज करायला दोन दिवसांनी आठवण व्हायची.

म्हणून २०२३ च्या दिवाळीत आम्ही मोठ्या हौसेने भाच्याला एक भेट दिली. दोन मुठींत मावेल असा प्लास्टिकचा काळा डबा. लिथियमची बॅटरी! वर ठळक अक्षरांत छापलेले होते, १२ व्होल्ट, २० एएच. जुन्या बॅटरीच्या जवळजवळ तिप्पट ताकद आणि वजन जेमतेम ४०० ग्रॅम. दुकानदाराने सांगितलेली किंमतही आमच्या खिशाला परवडणारी होती. भाचा खूश, दादा खूश. थंडीभर त्या डब्यावर होडीतला छोटा एलईडी दिवा लागायचा. रोज दोन-तीन तासांचे काम असे, ते निभायचे. वहिनी शेजाऱ्यांना सांगायची, "बारामतीच्या दाजींनी आणलीय." ते ऐकून आम्हांला बरे वाटायचे.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. २०२४ च्या जानेवारीतच उजनी मायनसमध्ये गेले. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे, आणि त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृत साठा धरला जातो. पाणी त्या रेषेच्या खाली उतरले की 'मायनस' म्हणतात. पाणी असे खोल गेले की काठावर लांबवर चिखल उघडा पडतो. दुष्काळी वर्षी पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला येतात. पण मासे धरणाऱ्याला जे वर येते त्याची भीती नसते. जे पाण्याखाली हातभर राहते त्याची असते. जुन्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट. जाळे त्यांत अडकले की फाटते, आणि होडी आदळली की तिचा तळ फुटतो.

यावर भाच्याने उपाय शोधला. पुण्याहून कोणाचे तरी वापरलेले, पाण्याची खोली दाखवणारे लहान यंत्र तो घेऊन आला. ते पाण्यात आवाज सोडते. आपल्या कानाला न येणारा आवाज तळाला लागून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र खोली मोजते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, त्यामुळे उत्तर लगेच येते. पडद्यावर तळाची रेघ उमटते. मधे मासे असले तर ठिपके दिसतात. पहिल्या दिवशी आबांनाही होडीत घेतले होते. एका जागी रेघ एकदम उभी चढली. आबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ही चावडीची भिंत असंल." आणखी काही बोलले नाहीत.

ते यंत्रही त्याच काळ्या डब्याला जोडले. आणि फोनची चार्जिंगची वायरही त्यालाच. एक डबा आणि तीन खाणारी तोंडे!

एप्रिल महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघे सुट्टीला गावी गेलो होतो. दिवस मावळताना, साडेसहाच्या सुमारास दादा आणि भाचा जाळे टाकायला गेले. हवा कोंदलेली होती. आठ वाजता पश्चिमेकडून वारा उठला. वळवाचा वारा कसा असतो हे काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पाच मिनिटांपूर्वी आरशासारखे असलेले पाणी उकळल्यासारखे होते. गावातली वीज गेली. वहिनी आणि आम्ही चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेलो. लांब, अंधारात, होडीचा दिवा दिसत होता. एखाद्या काजव्याएवढा. खाली-वर होत होता, पण दिसत होता. वहिनी म्हणाली, "दिसतोय ना दिवा? मग काय नाय होत."

साडेआठच्या आसपास तो दिवा गेला.

मंद झाला नाही, फडफडला नाही. क्षणापूर्वी होता आणि क्षणात नव्हता. वहिनीने हात पकडला तो असा की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. फोन लावला तर रेंज नाही. वीज गेल्यावर टॉवरही गेला असावा. आबा घरून काठी टेकत आले आणि काही न विचारता उभे राहिले. त्या वेळी आम्हां दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. तो डबा आम्ही दिला होता.

शेजारच्या एका पोराने शहाणपण केले. त्याने आपली मोटारसायकल जमेल तितकी चिखलात आणली, सुरू ठेवली आणि हेडलाइट पाण्याकडे वळवला. आळीपाळीने वर-खाली करत राहिला. एक तास गेला, दीड तास गेला. वारा पडला. दहा वाजून गेल्यावर पाण्यावरून हाक आली. दादाचा आवाज होता.

नंतर कळले ते असे. दिवा आणि यंत्र एकाच क्षणी बंद पडले. कुठे भिंत, कुठे खुंट, काही दिसेना. भाच्याने फोनचा दिवा लावला, तर एका लाटेने फोन भिजवला आणि तोही विझला. होडी वाहत एका बाभळीच्या खुंटाला घासली, तेव्हा दादाने चाचपडत दोर टाकून होडी त्या खुंटाला बांधली. दोघे तळाशी बसून हातांनी पाणी उपसत राहिले. ज्या खुंटाला रोज शिव्या द्यायचो त्यानेच धरून ठेवले, असे दादा म्हणाला. वारा पडल्यावर हेडलाइटच्या रोखाने ते काठाला आले.

त्या रात्री कोणी आम्हांला बोल लावला नाही. वहिनीने सगळ्यांना चहा दिला, आम्हांलाही दिला. बोल लावला असता तर बरे झाले असते, असे वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो डबा आम्ही बारामतीला आणला. पूर्ण चार्ज करून त्याच्यावर फक्त ५ वॅटचा दिवा लावला आणि घड्याळ पाहत बसलो. वाचकहो, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. व्होल्टला एएचने गुणले की वॅट-तास येतात. घागरीत किती पाणी आहे हे जसे, तसे बॅटरीत किती वीज आहे हे वॅट-तास सांगतात. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट-तास. ५ वॅटचा दिवा त्यावर ४८ तास, म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री जळायला हवा. तो सहा तासांच्या थोडे पुढे जाऊन विझला. म्हणजे डब्यात २४० नव्हे, जेमतेम ३१ वॅट-तास होते.

मग डबा उघडला. आत बोटाएवढे सहा गोल सेल. या सेलला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. तीन-तीनच्या दोन ओळी. या मापाचा उत्तम सेल घेतला तरी त्यात सुमारे साडेतीन एएच मावतात. दोन ओळींचे फार तर सात. म्हणजे वरचा २० हा आकडा कोणत्याही सेलने खरा होणे शक्यच नव्हते! आतले सेल तर कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टण चढवल्यासारखे दिसत होते. फ्यूज नव्हता. बाहेरची तार नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली होती आणि ओलीने ती हिरवी पडली होती.

त्या रात्रीचा हिशेबही मग जुळला. दिवा ५ वॅट, यंत्र सुमारे ३, फोनची चार्जिंग ७. एकूण १५ वॅट. ३१ भागिले १५, म्हणजे दोन तास. साडेसहाला निघाले, साडेआठला अंधार झाला. घातपात नव्हता की नशीब नव्हते. साधा भागाकार होता. तो दिवाळीत, दुकानात उभ्या उभ्या करता आला असता. कारखान्यात रोज भाराचा हिशेब करणाऱ्या माणसाने तो केला नाही, कारण वस्तू स्वस्त होती आणि भेट द्यायची होती. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिले नाही तर बाकीच्या लेखाला अर्थ नाही.

पुढच्याच महिन्यात सगळ्या तालुक्याला हादरा बसला. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला आले. सहा जण गेले. त्यांत लहान मुले होती. या प्रसंगाचा आणि बॅटरीचा संबंध जोडणे बरोबर नाही. उलटलेल्या होडीला कोणताही दिवा तारत नाही. तिथे अंगावरचे लाइफ जॅकेटच कामाला येते, आणि त्याहून आधी वारा ओळखून होडी न काढण्याचे शहाणपण. म्हणून आमच्या घरी पहिली खरेदी बॅटरीची झाली नाही. पहिली खरेदी दोन लाइफ जॅकेटांची झाली. त्यानंतर आम्ही बॅटरीकडे वळलो.

कोकणातल्या मोठ्या मच्छीमार बोटींना मोठे इंजिन असते आणि ते चालता चालता बॅटरी भरत राहते. आपल्या वल्ह्याच्या होडीला तसला आधार नाही. घरून जेवढी वीज भरून नेली तेवढीच. म्हणून निवड नीट हवी. आम्ही घेतली ती लिथियमचीच, पण लोह-फॉस्फेट जातीची. १२.८ व्होल्ट, ६ एएच. गुणाकार केला तर सुमारे ७७ वॅट-तास. वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. या जातीचे दोन गुण. ती उन्हाळा बऱ्यापैकी सोसते आणि दुसऱ्या लिथियम जातींसारखी चटकन पेट घेत नाही. शिवाय नीट वापरली तर हजारांच्या घरात वेळा भरता येते, तर शिशाची काही शे वेळांतच थकते.

या विद्येचा थोडा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. आणि लोह-फॉस्फेटचा शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठातून आला. त्यावर पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ अशी तीन नावे आहेत. त्या वेळी गुडइनफ सत्तरी ओलांडलेले होते. लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ मध्ये त्यांना स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९७ होते. इतक्या वयाच्या माणसाला नोबेल मिळण्याची ती पहिलीच वेळ. वय झाले म्हणून शिकणे सोडणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मात्र या चांगल्या बॅटरीचा एक दोष आम्हांला फार उशिरा उमगला, आणि तोच या लेखाचा मुद्दा आहे. कंदील सांगून विझायचा. शिशाची बॅटरीही सांगते, दिवा हळूहळू पिवळा पडत जातो. लोह-फॉस्फेटची बॅटरी मात्र शेवटपर्यंत सारख्याच जोमाने चालते, तिचे व्होल्ट जवळजवळ जागचे हलत नाहीत. पोट रिकामे झाले की आतली संरक्षण पट्टी, जिला बीएमएस म्हणतात, ती बॅटरी जपण्यासाठी वीज एकदम तोडते. तिला बॅटरी वाचवायची असते. होडीत माणूस आहे हे तिला काय ठाऊक? व्होल्टचा काटा लावूनही नीट उमगत नाही. म्हणून तेल डोळ्यांनी दिसत नसेल, तर ते घड्याळावर मोजावे लागते.

आबांचा नियम आम्ही या बॅटरीला लावला. ७७ मधले शेवटचे १५-१६ वॅट-तास मोजायचेच नाहीत, ६१ धरायचे. १५ वॅटचा भार असेल तर चार तास. म्हणजे दोन तास झाले की परत फिरायचे, मासा कितीही लागत असो. हे गणित वहिनीने खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे.

आणि दुसरा नियम, परतीचा दिवा वेगळा. कपाळाला बांधायचा एक छोटा दिवा, त्याचा स्वतःचा एकच सेल. चांगल्या दुकानातून, पावती घेऊन आणलेला. १ वॅटवर ठेवला तर आठ-नऊ तास पुरतो. तो जाळे टाकायला वापरायचा नाही, मासे निवडायला वापरायचा नाही, फोन चार्ज करायला तर नाहीच. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दोरीने गळ्यात. होडीत नव्हे, माणसाच्या अंगावर. महिन्यातून एकदा लावून पाहायचा आणि भरून ठेवायचा. लिथियमचा सेल नुसता पडून फार उतरत नाही, त्यामुळे वेळेला तो भरलेलाच सापडतो.

बाकी जोडणी साधी आहे. बॅटरी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, बसायच्या फळीखाली, सावलीत. उन्हात तापलेल्या होडीत ती दिवसभर ठेवायची नाही, घरी आणायची. अधिकच्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, गाडीत असतो तसा ३ अँपिअरचा फ्यूज. १५ वॅटला सव्वा अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे तो पुरतो, आणि तार कुठे चिकटली तर आग लागण्याआधी फ्यूज जातो. सांधे पिळून नव्हे, डाग देऊन पक्के करायचे आणि वर ग्रीस लावायचे. चार्जर त्याच जातीचा, १४.४ ते १४.६ व्होल्टचा. शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर तिला लावू नये. घरात वीज टिकत नसेल तर २० वॅटचे सोलर पॅनेल आणि लिथियम-फॉस्फेटला चालणारा कंट्रोलर घेतला, तर चांगल्या उन्हाच्या एका दिवसात ती बहुतेक भरते.

घरातल्या बायाबापड्यांसाठी दोन शब्द. कोणतीही लिथियम बॅटरी अंथरुणावर किंवा पोरांच्या उशाशी चार्ज करू नये, आणि सगळे झोपल्यावर लावून ठेवू नये. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, दोन टोके जुळली की तो पेटतो. जुने सेल कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे की जुनी परत घेणार का.

आणि विकत घेताना फसू नये म्हणून एक सोपी परीक्षा. छापलेल्या आकड्यांचा गुणाकार करा आणि ती वस्तू किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. शिशाच्या बॅटरीत किलोमागे सुमारे ३० ते ४० वॅट-तास मावतात. लोह-फॉस्फेटच्या तयार बॅटरीत साधारण शंभराच्या आसपास. दुसऱ्या चांगल्या लिथियम सेलांत २०० ते २५०. आम्ही आणलेला काळा डबा किलोमागे ६०० चा दावा करत होता! वाण्याच्या काट्याने ही लबाडी एका मिनिटात उघडी पाडली असती. आम्हां दोघांच्या शिक्षणाला मात्र ते सहा महिने जमले नाही.

२०२५ च्या पावसाळ्यानंतरची एक रात्र सांगून संपवतो. उजनी भरले होते, मासाही बरा लागत होता. जाळे एका ठिकाणी अडकले म्हणून दादा-भाच्याला उशीर झाला. दोन तासांचा नियम त्या दिवशी मोडला गेला. लोभ माणसाला सुटत नाही, हेही खरेच. परत येताना अर्ध्या वाटेत मोठा दिवा एकदम गेला, अगदी त्या एप्रिलमधल्यासारखा. भाच्याने गळ्यातली पिशवी उघडली, कपाळाला दिवा बांधला, आणि दोघे शांतपणे वल्ही मारत काठाला आले. वहिनीला घरी कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिगवणच्या बाजारातून भाच्याचा फोन आला. मासळीचा भाव सांगून झाला, आबांची तब्येत सांगून झाली, आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मामा, काल परतीचा दिवा लावावा लागला. आत्याला सांगू नका, उगं घाबरंल."

आत्या तिथेच उभी होती. तिने फोन हातात घेतला आणि एवढेच विचारले, "आज पुन्हा भरलास ना तो?"

"भरायला लावलाय, आत्या."

तेव्हापासून दर रविवारी फोन केला की आमचा पहिला प्रश्न तोच असतो. खुशाली नंतर विचारतो.

बंधू-भगिनींनो, होडीत असो, रात्रपाळीहून येणाऱ्याच्या सायकलीवर असो, की रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या हातात असो, कामाचा दिवा आणि घरी यायचा दिवा एकच ठेवू नका. काम कधीच पुरे होत नाही, ते समोर असलेला सगळा उजेड खाऊन टाकते. घरी येण्यापुरता उजेड आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.